द्वारका सरबताला आमच्याकडे येते

आमच्या गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मेलेली माणसं दुपारी सरबत प्यायला येतात, आणि शेजारच्या अत्तरदेंची द्वारका तिच्या घरी न जाता आमच्याकडे येते.

बाकीच्या गावांत पितरांसाठी घागर भरून वर आंबा ठेवला की भागतं म्हणे. आमच्याकडे ऊन फार. आखाजीच्या दिवसांत लोखंडी फाटकाला हात लावायची सोय नसते. त्यामुळे इथले पितर पाण्यावर भागवून घेत नाहीत, त्यांना पुदिना-लिंबाचंच सरबत लागतं. भर दुपारी येतात, एक ग्लास पितात, ऊन उतरेपर्यंत सावलीला बसतात आणि जातात. त्यांना स्वतःहून काही उचलता येत नाही. जिवंत माणसाने हातात दिलेलंच तेवढं धरता येतं.

नियम दोनच आहेत. लागोपाठ दोन आखाज्यांना एकाच घरी प्यायलं की पितराचं नाव त्या घराला लागतं, कायमचं. आणि जो दोनदा तहानलेला परत गेला, तो पुन्हा गावात पाऊल ठेवत नाही. हे बघायला नगरपालिकेच्या पितर खात्याचे निरीक्षक बऱ्हाटे डोक्याला ओला रुमाल बांधून घरोघर फिरतात.

द्वारका थंडीत गेली. तिच्या पहिल्या आखाजीला अत्तरदे भाऊंनी तयारी केली होती, नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचा ओटा समोरच दिसतो. पातळ सालीची लिंबं आणली होती, पुदिन्याची जुडी धुऊन ताटलीत ठेवली होती, साखरेचा डबा, सैंधव, जिरं, माठ काठोकाठ भरलेला. सगळं ओट्यावर नीट मांडलं, आणि पुढच्या खोलीत खुर्चीवर जाऊन पेपरने वारा घेत बसले.

द्वारका आली. भाऊंच्या पुढून सरळ आत गेली, पदर खोचला आणि जुडीला हात घातला. जुडी हातात येईना. मग लिंबाला हात घातला, मग साखरेच्या डब्याला. किती वेळ ती त्या ओट्यापाशी धडपडत होती. आणि बाहेरून भाऊंनी हाक मारली, "झालं का गं?"

ऊन उतरल्यावर ती तशीच, कोरड्या तोंडाने निघून गेली. बऱ्हाटेंनी "तहानलेल्या गेल्या, एक" असं म्हटलं आणि पुढच्या घराकडे वळले.

मला गोड बोलता येत नाही. मी कुंपणाच्या भिंतीवरूनच विचारलं, "भाऊ, सरबत तुम्ही का नाही केलं?"

"सरबत द्वारकाच करते, वहिनी."

बरं, माणूस वाईट नाही. कधी तिच्यावर आवाज चढवला नाही. पुदिना स्वतः निवडून आणायचे, पिवळं पान एक सापडायचं नाही. पण आणून ओट्यावर ठेवला की त्यांचं काम संपायचं. आणि द्वारकेला दुसरं जायला ठिकाण नव्हतं. आखाजीला गल्लीतल्या झाडून साऱ्या लेकी माहेरी जातात, झोके घेतात, बसल्या जागी आईच्या हातचं खातात. हिच्या भावाने घर विकलं, तो मुंबईकडे गेला, त्यानंतर हिला बोलावणारं कोणी उरलं नाही. आखाजीची दुपार ही आल्यागेल्याचं सरबत करण्यात घालवायची. कधीतरी हात पुसत माझ्या मागच्या दाराशी यायची, डुगडुगत्या स्टुलावर टेकायची आणि म्हणायची, "तुझ्याकडे बरं वाटतं गं. इथे उठावं लागत नाही."

दुसऱ्या आखाजीला ती तिकडे गेलीच नाही. तिकडे भाऊंनी त्या वर्षी स्वतः सरबत केलं होतं. देठासकट पुदिना आणि सालीसकट लिंबू मिक्सरमध्ये फिरवलं होतं. कडूजहर. पण तिने ते बघितलंसुद्धा नाही. सरळ माझ्या मागच्या दाराने आत आली आणि स्टुलावर बसली. मी ग्लास हातात दिला. प्यायली. बोलली काही नाही, मेलेली माणसं सहसा बोलत नाहीत.

बऱ्हाटे आमच्या, म्हणजे फेगड्यांच्या, दारात उभे राहिले. "अत्तरदे द्वारका, मुक्काम फेगडे. पुढच्या आखाजीलाही इथेच प्यायल्या तर नाव तुमच्या घराला लागेल, वहिनी."

"मला नको. तिचं घर भिंतीपलीकडे आहे."

"तुम्हाला विचारलेलं नाही," बऱ्हाटे म्हणाले. "त्यांनाही विचारत नाही. कुठे प्यायल्या एवढंच बघायचं असतं."

भिंतीपलीकडून भाऊ हे ऐकत होते. दिवेलागणीला ते आले, दारातच उभे राहिले. "वहिनी, मला सरबत शिकवा. ती माझ्या हातून जाते आहे."

शिकवलं. कसं शिकवलं ते माझं मला माहीत. पुदिन्याची पानं खुडायची, देठ बाजूला. खलबत्त्यात साखरेबरोबर हलक्या हाताने ठेचायची, पार लगदा करायचा नाही. लिंबू पिळताना साल दाबायची नाही. भाऊ साल दाबायचेच. मी ओरडायची, ते पुन्हा नवीन लिंबू घ्यायचे. पावसाळ्यात, थंडीत, रोज एक ग्लास भिंतीवर आणून ठेवायचे आणि मी प्यायची. थंडीत सरबत पिऊन माझा घसा बसला, पण नाही म्हणवेना. जिऱ्याचं मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. एक दिवस त्यांनी आपणहून ते भाजून, कुटून घातलं. कसं सुचलं विचारलं तर म्हणाले, "आखाजीच्या सकाळी घरात तो वास असायचा." त्या दिवशीचं सरबत माझ्यापेक्षा सरस झालं होतं. मी तसं सांगितलं नाही, पण ग्लास रिकामा करून परत दिला.

तिसऱ्या आखाजीला मी ठरवूनच सरबत केलं नाही. आमचे पितर थोरल्या दिरांकडे जातात, त्यामुळे आमचं काही अडणार नव्हतं. मागच्या दाराला आतून कडी घातली आणि खिडकीशी उभी राहिले.

द्वारका आली. माझ्या दाराशी थांबली, दार बंद बघितलं. पलीकडे भाऊ त्यांच्या दारात उभे होते. धुतलेला सदरा, हातात ग्लास.

"द्वारका, ये," ते म्हणाले. "मी केलंय. तुला काही करायचं नाही."

तिने त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्या खांद्यावरून आत, ओट्याकडे बघितलं. ओटा त्यांनी मुद्दाम रिकामा केला होता, वर एक भांडं नव्हतं. तरी तिचा पाय उचलेना. तिने आपसूक पदर खोचला, मग सोडला, आणि माझ्या बंद दाराच्या पायरीवर बसली. उन्हात.

मला वाटत होतं, बसून बसून शेवटी भाऊंकडे जाईल. कुठली जायला! घशाला कोरड पडलेली दिसत होती तिच्या. भाऊ "ये ना" म्हणत होते, फार हळू. माझ्याने बघवेना. मी कडी काढली. चुकलं असेल तर चुकलं, पण मेलेल्या मैत्रिणीला पायरीवर उन्हात बसवून मी आत पंख्याखाली उभी राहू शकत नाही.

ती आत येऊन स्टुलावर बसली आणि हात पुढे केला. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

बऱ्हाटे तेवढ्यात आले. त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा भिंतीशी आलेल्या भाऊंकडे बघितलं. "अत्तरदे, नीट ऐका. तो ग्लास तुम्ही या घरात दिलात तर नाव या घराला लागेल. हात कोणाचा ते आम्ही धरत नाही. घर धरतो."

"आणि नाही दिला तर?"

"तर त्या तहानलेल्या जातील. ही दुसरी वेळ. मग कुठेच नाही, ना तुमच्याकडे, ना यांच्याकडे."

भाऊंनी फार विचार केला नाही. ग्लास हाताने झाकून ते गल्लीतून फिरून आमच्या पुढच्या दाराशी आले. इतक्या वर्षांत मीठ मागायलासुद्धा ते भिंतीशीच येत. त्या दिवशी चपला बाहेर काढल्या, पाय धुतले आणि विचारलं, "येऊ का?"

"या," मी म्हटलं.

त्यांनी ग्लास द्वारकेच्या हातात दिला. दोन्ही हातांनी दिला. तिने एक घोट घेतला आणि थांबली.

"जिरं भाजून घातलंत," ती म्हणाली.

"हो," भाऊ म्हणाले. ते खाली जमिनीवरच बसले, तिच्या स्टुलाजवळ, आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत राहिले. ती सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

"अत्तरदे द्वारका, घर फेगडे, कायम," बऱ्हाटे म्हणाले. जाताना त्यांनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. खात्यात तशी पद्धत नाही.

तेव्हापासून असंच चाललंय. आखाजीला ती मागच्या दाराने येते, भाऊ पुढच्या दाराने. सरबत तेच करून आणतात, तिचं, माझं आणि स्वतःचंही. लेक माहेरी आलेली असताना जावई आला तर त्याला खाली बसवत नाहीत, म्हणून मी त्यांना पाट मांडून देते. ते पाटावर बसतात. ती पिते, ते तिच्याकडे बघत राहतात. ऊन उतरायला लागलं की सारखे खिडकीबाहेर बघतात.

यंदा त्यांनी तिला नाही, मला विचारलं. "वहिनी, तिला घटकाभर घरी पाठवता का? नुसती बसेल. ओट्याकडची खोली मी बंद करून घेतली आहे."

मी द्वारकेकडे बघितलं. तिने खिडकीतून भिंतीपलीकडे बघितलं, बराच वेळ. मग नाही अशी मान हलवली, आणि स्टुलावर जरा आरामात टेकून बसली.

"राहू द्या, भाऊ," मी म्हटलं. "माहेरी आली आहे."

"हो, खरंच," भाऊ म्हणाले. त्यांनी तिच्या हातातला रिकामा ग्लास घेतला, आमचे दोन घेतले, आणि मोरीत जाऊन धुवायला बसले.