मुरवलेली चूळ

पाठीवरचा तीळ आणि स्वतःच्या तोंडाचा वास, या दोन गोष्टी माणसाला लग्न झाल्याशिवाय कळत नाहीत.

आम्ही रोह्याचे. माझा नवरा आदर्श नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जातो. डब्यात सुकट आणि लसणीची चटणी (पुरवठादार सासूबाई, दर्जात तडजोड नाही). घरी आला की तो आमच्या अकरा महिन्यांच्या सुरभीची पापी घ्यायला वाकतो आणि सुरभी मान फिरवते.

"पोरगी मला ओळखत नाय," एकदा तो म्हणाला आणि न जेवताच झोपला. ओळखत होती. लांबूनच ओळखत होती.

पेणच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तोंडाच्या वासावर हिरवं औषध दिलं. सूचना स्पष्ट होत्या: घोटभर तोंडात घ्या, अर्धा मिनिट खुळखुळवा, थुंका, गिळू नका, नंतर अर्धा तास साध्या पाण्याचीही चूळ नको.

सासूबाईंनी हरकत नोंदवली. "अर्ध्या मिनटात काय होतंय गो? बांगड्याला मसाला लावला तरी तासभर ठेवतो. मुरू दे."

आदर्श "हं" म्हणाला. तोंड भरलेलं असल्यामुळे तो होकार धरण्यात आला.

त्यानंतर घराची जी भरभराट झाली, ती वर्णन करण्यासारखी आहे. कालवण खारट झालं? हं. आत्याच्या नातवाच्या बारशाला कोण जाणार? हं. हे बघून सासूबाईंनीही घोट घेतला. मग मी घेतला (काही उत्तरं तोंडातच मुरलेली बरी). संध्याकाळी आम्ही तिघं गाल फुगवून ओळीने ओटीवर बसायचो. भांडणं शून्यावर आली. आधीची आकडेवारी देण्यास सासूबाईंची परवानगी नाही.

अडचण एकच. सुरभी बापाकडे अजूनही जाईना. फुगलेल्या गालांचा तो कोण, हेच तिला कळेना.

एका संध्याकाळी बघतो तर आमच्या ओळीच्या टोकाला तीही गाल फुगवून बसलेली. आत नुसती हवा.

आदर्शला हसू आवरलं नाही. हिरवा फवारा थेट सासूबाईंच्या पातळावर. सुरभी खिदळली, रांगत गेली, बापाची ओली हनुवटी दोन्ही हातांनी धरली आणि त्याच्या नाकालाच तोंड लावलं. तो कितीतरी वेळ तसाच वाकून राहिला. वास होताच, सुकटीचा, वरून पुदिना.

"मेल्या, मुरलेलं सगळं सांडलंस," सासूबाई आपला घोट थुंकून म्हणाल्या. भांडणं पूर्ववत सुरू झाली.

तेव्हा औषध अर्धा मिनिटच धरावं. आणि तुमच्या तोंडाला वास येतो असं घरात आजवर कोणीच म्हणालं नसेल, तर हुरळू नका. एकदा घरच्यांचे गाल बघा.