एकोणऐंशी फरार मशिनी

उकंडरावांच्या व्हिजिटिंग कार्डावर लिहिलं होतं : 'आंतरजिल्हा कीर्तीचे, शासनमान्य, विनाशस्त्र गुप्तहेर. गुण अठ्ठ्याऐंशी टक्के. हरवलेलं शोधून मिळेल. न हरवलेलंही शोधून मिळेल.'

कार्ड संघदीपनंच छापून दिलं होतं, त्यामुळे त्यातला कुठला शब्द कुठून आला हे त्याला चांगलं ठाऊक होतं. 'आंतरजिल्हा' अशासाठी, की मामेभावाची हरवलेली म्हैस शोधायला उकंडराव एकदा वाशिम जिल्ह्यात गेले होते. म्हैस त्याच संध्याकाळी आपणहून घरी आली. उकंडराव दोन दिवसांनी आले. 'शासनमान्य' आणि 'विनाशस्त्र' हे दोन्ही शब्द त्यांच्या प्रमाणपत्रातले होते. दिग्रसच्या ज्या कौशल्य केंद्रात संघदीप कॉम्प्युटर ऑपरेटर होता, तिथूनच त्यांनी 'विनाशस्त्र सुरक्षा रक्षक' हा कोर्स केला होता. सुरक्षा रक्षकाचा गुप्तहेर त्यांनी स्वखर्चानं केला.

अठ्ठ्याऐंशी टक्क्यांची मात्र त्यांना स्वतःलाच गंमत वाटायची. "अर्धा पेपर कोरा ठेवून आलतो मी," ते छाती काढून सांगत. "पण तपासणाऱ्यानं माणूस वळखला, बाप्पा!"

अशा माणसाला केंद्राच्या संचालक नाहिद मॅडम दारात तरी का उभं करत होत्या? तर त्यालाही नियम होता. बॅचमधल्या शंभरातल्या सत्तर जणांना काम लागलंच पाहिजे, नाहीतर केंद्राची मान्यताही गेली आणि अनुदानही गेलं. सुरक्षा रक्षकांच्या त्या बॅचमध्ये तीस जण होते. वीस जण कुठं कुठं चिकटले, आणि एकविसावे उकंडराव : 'स्वयंरोजगार, गुप्तहेर'. झाले बरोबर सत्तर टक्के. उद्या उकंडरावांनी हेरगिरी सोडली, तर केंद्र गडगडणार. म्हणून मॅडम त्यांना चहा पाजत आणि दुखवत नसत.

आता केंद्रात शिवणकामाची बॅच चालू होती. वीस मशिनी आणि वीस बाया. परीक्षा सोमवारी होती, आणि त्याच्या दहा दिवस आधी नोटीस येऊन धडकली.

नाहिद मॅडमनी ती ऑफिसचं दार लावून संघदीपला वाचायला दिली. 'आपल्या केंद्रास वीस शिलाई यंत्रे मंजूर आहेत. तथापि नमुना तपासणीत यंत्र क्रमांक अठ्ठ्याण्णव व यंत्र क्रमांक नव्व्याण्णव आढळून आले. सबब उर्वरित एकोणऐंशी यंत्रे कोठे दडवली आहेत, याचा खुलासा सात दिवसांत करावा. अन्यथा परीक्षा रद्द करून केंद्राची मान्यता काढून घेण्यात येईल.'

"मशीन कमी पडली म्हणून नोटीस येते, हे ऐकलं होतं," मॅडम म्हणाल्या. "जास्त झाली म्हणून? या अल्लाह, एकोणऐंशी!"

"तपासणीवाल्यानं नंबर वाचला कसा, मॅडम?"

"त्यानं कुठं वाचला? मोबाइल धरला, फोटो मारला, गेला. वाचतं ते ॲप."

हे खरंच होतं. हल्ली हजेरी असो, परीक्षेचे गुण असोत की मशीन असो, सगळ्याचा फोटो ॲपला दाखवायचा आणि ॲप जे वाचेल ते सरकारदरबारी कायम व्हायचं. आपले नंबर वीसच्या पुढं जातच नाहीत, हे सांगायला मॅडमनी कार्यालयात तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, की खुलासा पोर्टलवर टाका. पोर्टलवर खुलाशाच्या जागी एकच रकाना होता : 'दडवलेल्या यंत्रांचा पत्ता'. तो भरल्याशिवाय पान पुढं सरकत नव्हतं.

त्याच वेळी दाराबाहेरून खोकल्याचा आवाज आला. उकंडराव कीहोलला कान लावून ऐकत होते.

"केस घेतली मी," ते आत येत म्हणाले. "केंद्र बुडालं तं माह्या प्रमाणपत्राले काय किंमत राह्यते? संघदीप, गाडी काढ."

संघदीपकडे मोटरसायकल होती, एवढ्या एका पात्रतेवर तो सहायक झाला.

पहिला दिवस घटनास्थळाच्या पाहणीत गेला. वर्गात वीस मशिनी टकटकत होत्या. उकंडरावांनी त्या पाच वेळा मोजल्या. चार वेळा वीस भरल्या, एकदा एकवीस, कारण मधे शिकवायचं टेबल मोजलं गेलं. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथं खिळ्याला एक पांढरा शर्ट टांगला होता, आणि त्याला पुढं आठ बटणं होती, इतकी दाटीवाटीनं की घालणाऱ्याला अर्धा तास आधी उठावं लागलं असतं.

"हा कोणाचा?"

बाया फिदीफिदी हसल्या. "आठबटणीचा!" कोणीतरी म्हणालं.

खिडकीजवळच्या मशीनवर बसलेल्या सुखीबाईनं मान खाली घातली. ती जवळच्या तांड्यावरून रोज एसटीनं यायची. कोर्सच्या पहिल्या महिन्यात मॅडमनी चिठ्ठीवर शर्टाचं माप लिहून दिलं होतं, खाली बटणांचा आकडा. चार बटणं लावायची होती, हिनं आठ लावली. 'लक्ष कुठं असतं?' म्हणून मॅडमनी तो शर्ट सगळ्यांना दिसेल असा टांगला, तो तसाच राहिला. आज सुखीबाईचा हात वर्गात सगळ्यात साफ होता. तांड्याच्या शाळेचे गणवेश शिवायचं काम तिला मिळणार होतं, फक्त प्रमाणपत्र दाखवायचं होतं. पण नाव पडलं ते पडलं.

उकंडरावांनी शर्ट भिंगातून पाहिला. "आठ बटणं म्हणजे डबल उत्पादन. कुठंतरी चोरून कारखाना सुरू हाय, अन् घाईघाईत बटणं डबल लागून राह्यली."

"काका, तो चुकून..."

"गुन्हेगार चुकूनच सापडतो, संघदीप!"

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा शोध सुरू झाला. उकंडरावांचा सिद्धांत असा, की एकोणऐंशी मशिनी लपवायच्या तर दिग्रसमध्ये जागा एकच, जिनिंगमधला कापसाचा ढीग. जिनिंगवाल्यानं हात जोडून आत जाऊ दिलं. उकंडराव छत्रीनं ढीग टोचत निघाले. पाचव्या टोचणीला ढिगातून किंकाळी आली आणि पाठोपाठ देवसिंग बाहेर आला. हा तिथला रखवालदार आणि उकंडरावांचाच बॅचमेट.

"ड्युटीवर झोपतो काय?" उकंडराव गरजले.

"झोपून नव्हतो राह्यलो! गुप्तपणे राखण करत होतो," देवसिंग कमरेवरून हात फिरवत म्हणाला. "तुलेच शिकवलं काय कोर्समध्ये?"

संघदीप त्यानंतर दोन दिवस शिंकत होता, आणि केसांत कापूस घेऊन त्यानं नोटिशीच्या उत्तराचे चार मसुदे केले. एकाही मसुद्यात पत्ता नव्हता.

चौथ्या दिवशी सिद्धांत बदलला. मशिनी वणीच्या ट्रकांतून, कोळशाखाली दडवून बाहेर गेल्या, कारण केंद्रातल्या मशिनींवर काळा डाग आहे. तो डाग मशीनच्या तेलाचा असतो, हे मशीन दुरुस्त करणाऱ्या इम्तियाजनं समजावून सांगितलं, आणि त्यामुळे पाचव्या दिवशी संशय इम्तियाजवर गेला.

"उकंडरावभाऊ," इम्तियाज आपल्या टपरीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, कारण सगळा माणूस आणि डोकं एकाच वेळी आत मावत नव्हतं, "इथं मी पान्हा घेतो तं पेचकस बाहेर ठेवा लागते. एकोणऐंशी मशिनी कायच्यात ठेवू, डब्यात?"

"डबा दाखव."

डब्यात भेंडीची भाजी होती. उकंडरावांनी तीही चौकशीसाठी घेतली.

संघदीपला हसू येत होतं, पण ते पाचव्या दिवसापर्यंतच. सहाव्या दिवशी दुपारी त्यानं मॅडमना एकटंच बसलेलं पाहिलं. समोर वीस हॉलतिकिटं होती. ती वाटावीत की फाडावीत, हे त्यांना कळत नव्हतं. बायांना त्यांनी फक्त 'मशिनींची काही चौकशी आहे' एवढंच सांगितलं होतं. संघदीपला फार वाईट वाटलं.

सातव्या दिवशी तपासणीवाले साहेब हजर झाले. चुणचुणीत पोरगेलेसे, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल.

"पत्ता सापडला?" त्यांनी विचारलं.

"तपास अंतिम टप्प्यात हाय," उकंडराव म्हणाले. "भेंडीपर्यंत आलो."

साहेबांना काही कळलं नाही. ते थेट खिडकीजवळच्या मशीनकडे गेले आणि नंबरावर मोबाइल धरला. टिंग झालं. "हे बघा. अठ्ठ्याण्णव."

मशिनीवर सुखीबाईच बसली होती. तिनं आधी मोबाइलकडे पाहिलं, मग मशीनकडे.

"साहेब, माही मशीन चौदा नंबरची हाय."

"ॲप अठ्ठ्याण्णव सांगतंय, बाई."

"तुम्ही वाचा न मंग."

"मी फोटो काढतो. वाचतं ॲप. आम्हाला वाचायचा अधिकार नाही."

सुखीबाई उठली. भिंतीजवळ जाऊन तिनं खिळ्यावरचा शर्ट काढला आणि साहेबांसमोर मशीनवर पसरला.

"म्या अशीच चूक केली होती, साहेब. आईबाप कामाले आदिलाबादकडं होते, मी तिकडंच शिकली. तिकडं आकडे इंग्रजी. इथं आली तं मॅडमच्या चिठ्ठीवरला मराठीतला चार मले आठ दिसला. म्हणून आठ बटणं लावली. अन् एक तं मले कितीक दिवस नऊच दिसे. तुमचं ॲप बी तिकडंच शिकलं असन."

संघदीप धावतच पुढं झाला. पेंटर बादलनं मशिनीवर झोकात रंगवलं होतं : १४. मोबाइलवर उमटलं होतं : 98. तो शेजारच्या मशिनीकडे वळला. रंगवलेलं ११, आणि नोटिशीतलं 99.

साहेबांनी मोबाइल दूर धरला, जवळ धरला, चष्मा पुसला. मग फार दिवसांनी स्वतः काहीतरी वाचत असल्यासारखे हळूच म्हणाले, "चौदा."

सगळा वर्ग एकदम ओरडला. साहेबांनी जागेवरच वरिष्ठांना फोन लावला, बराच वेळ 'हो सर, चार सर, बटणं सर' केलं, आणि नोटीस मागं घेतली. परीक्षा सोमवारीच होणार होती, अट एकच, की नंबर इंग्रजीत रंगवून घ्यायचे.

नाहिद मॅडम शर्ट हातात घेऊन उभ्या होत्या. "सुखीबाई, तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही 'लक्ष कुठं असते' विचारलं, मॅडम. आठ काहून लावली, ते कोणी विचारलंच नाही."

मॅडमनी शर्टाची घडी घातली आणि सगळ्यांसमोर सुखीबाईची माफी मागितली.

"मले पह्यल्याच दिवशी त्या शर्टावर संशय होता!" उकंडराव जाहीर करू लागले, आणि अर्ध्यावरच थांबले. त्यांचे ओठ हलले. बोटं मोजू लागली. संघदीपनं त्यांना इतका खोल विचार करताना कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब," त्यांनी फार बारीक आवाजात विचारलं, "परीक्षेचे गुण बी हेच ॲप वाचते काय?"

"हो. मास्तर हातानं लिहितात, ॲप वाचतं."

"अन् पास व्हायले किती लागते?"

"पन्नास."

संघदीपच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अठ्ठ्याऐंशी नव्हे, चवेचाळीस! उकंडरावांनी आयुष्यात पहिल्यांदा बरोबर निष्कर्ष काढला होता, आणि तो स्वतःविरुद्ध निघाला होता. ते गेले म्हणजे सत्तर टक्के गेले. मॅडमही हिशेब करून पांढऱ्या पडल्या.

"समजा," मॅडम अडखळत म्हणाल्या, "जुन्या बॅचमध्ये अशी चूक निघाली, तर कळवायची ना?"

"मागच्या बॅचचं पोर्टल लॉक आहे, मॅडम," साहेब बॅग उचलत म्हणाले. "त्यात खुद्द मंत्रालयालाही बदल करता येत नाही. जे ॲपनं वाचलं, ते वाचलं."

सोमवारची परीक्षा झाली. सुखीबाई वर्गात पहिली आली आणि तिला ब्याण्णव गुण मिळाले. मॅडमनी परीक्षकाला आकडा अक्षरीसुद्धा लिहायला लावला होता.

त्याच आठवड्यात उकंडराव केंद्रात आले. दाराला कान न लावता, सरळ दारातून. त्यांनी जुनं कार्ड संघदीपच्या टेबलावर ठेवलं.

"नवीन छापून दे. बाकी सगळं तसंच. फक्त ते 'अठ्ठ्याऐंशी टक्के' अक्षरात लिवलं हाय न, ते काढ."

"काढून काय लिहू, काका?"

उकंडरावांनी इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मराठी आकड्यात चवेचाळीस लिव. ज्याले जसं वाचता येईन, तसं तो वाचन."

संघदीपनं छापलं : गुण ४४ टक्के.

कार्ड घेऊन उकंडराव बाहेर पडले आणि स्टँडवरच्या पहिल्याच माणसाला त्यांनी ते दिलं.

"चवेचाळीस?" तो माणूस म्हणाला.

"आदिलाबादकडं शिकला नाहीस वाटते," उकंडराव म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले.