शेंदूर लावलेला बोल्ट

एका जंगलात, बाळांनो, जिथे डांबर अजून पोचलं नव्हतं पण गाडी पोचली होती, तिथे केसोबा नावाचं एक म्हातारं अस्वल राहत असे. यंत्रातलं त्याला सगळं कळे. सगळं म्हणजे, उघडण्यापर्यंतचं. बंद करण्याचा धडा झाला त्या दिवशी तो शाळेत गेला नव्हता.

हे तो स्वतःच सांगत फिरे. "मी एकदा उघडलेलं यंत्र आजवर कुणालाही दुरुस्त करता आलेलं नाही," असं छाती फुगवून म्हणे, आणि ऐकणाऱ्याच्या आधी स्वतःच हसे.

तर गाडी आली ती खोक्यांतून. सुटे भाग घरी आणायचे, घरी जोडायचे आणि शर्यतीतल्यासारखी पळवायची, असा तिचा प्रकार. दोघांपुरतीच जागा. बुटकी. अंग फायबरचं, आत लोखंडी नळ्यांचा सांगाडा. हलकी तर इतकी की वारा सुटला की केसोबाची बायको सोनाक्का तिच्यावर पाटा ठेवी. जोडणीचा कागद डिंकाने चिकटवलेला होता. केसोबाने आधी डिंक चाटला, मग त्याच ओघात कागदही खाल्ला. त्यानंतर न वाचलेलं सगळं आठवून आठवून त्याने गाडी जोडली.

गाडी घ्यायला कारण होतं. सोनाक्काच्या धाकट्या भावाचं, म्हसूचं, लग्न ठरलं होतं. आईच्या मागे तिनेच त्याला पाठुंगळीला घेऊन वाढवलेला. करवलीचा मान तिचा. तू मागे उभी राहिल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही, असा निरोप त्याने धाडला होता. माहेर डोंगरापलीकडे, चालत दोन दिवसांच्या वाटेवर. केसोबाने उलट निरोप धाडला की आम्ही चालत येणाऱ्यांतले नाही, आम्ही गाडीने येऊ.

आणि गाडी सुरूच होईना.

चावी फिरवली की नुसतं 'टक्' वाजे. केसोबा वाकून वाकून बघू लागला. बघता बघता त्याचं कपाळ पुढच्या नळीवरच्या एका जाड बोल्टवर आपटलं. त्या बोल्टला एक काळी वायर अडकवलेली होती. कपाळ आपटलं आणि गाडी धडधडून सुरू झाली.

आता तुम्ही म्हणाल, वायर सैल असेल, दाबली गेली. तुम्ही शहाणे आहात. केसोबाने हात जोडले.

देव जागृत आहे, असं त्याने सोनाक्काला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने काळी वायर सोडवली, कारण तो देवाचा करगोटा, आणि करगोट्यासकट कुणी देवाला शेंदूर लावत नाही. तेलात कालवलेला शेंदूर बोल्टला सगळ्या बाजूंनी चोपडला. करगोटा पुन्हा बांधला. नारळ फोडला.

हसू नका. तुमच्या घरी टीव्हीचा रिमोट चालेना की वडील त्याला थापट मारतात आणि मग उगाच त्याच्याकडे प्रेमाने बघतात. ते काय शास्त्र आहे?

त्या दिवसापासून गाडीला झपाटलं. चावी फिरवली की पुन्हा नुसतं 'टक्'. ब्रेक दाबला की डावीकडचा पिवळा दिवा मिचमिचे. हॉर्न दाबला की पुढचे दिवे मंदावत. काचेवरचं पाणी पुसायचा दांडा हुक्की येईल तेव्हा एकदा फिरे आणि मध्येच थबकून विचारात पडे. ॲक्सिलेटरची तार तर चावी फिरवताच अशी तापायची की केसोबाच्या पंजाला चटका बसे.

का, ते सांगतो. बॅटरीतून निघालेला करंट कामं उरकून ज्या वाटेने घरी परततो, ती वाट त्या बोल्टवरून जात होती. वाटेत शेंदराचा थर बसला. करंट बिचारा घरी जाणार कसा? तो मिळेल त्या दारात शिरू लागला. कधी दिव्याच्या, कधी हॉर्नच्या, कधी ॲक्सिलेटरच्या तारेतून घुसमटत. हे सांगणाऱ्यालाही एका वायरमनने समजावलं होतं. निम्मं समजलं, तेवढंच सांगितलं.

केसोबाने मात्र जाणलं की देव कोपला आहे. त्याने शेंदूर वाढवला.

सोनाक्का रोज म्हणे, मी आपली चालत पुढे होते. केसोबा रोज म्हणे, तासाभराचं काम राहिलंय. तिने आहेराचं मधाचं पोळं पानांत बांधून ठेवलं होतं. ते रोज थोडं गळे, आणि केसोबा ते रोज थोडं चाटून जागेवर ठेवी.

शेवटी त्याने जाणकार बोलावले. साळिंदर वायरिंगचं काम करी. त्याने पाठीवरचा एक काटा उपटून इथे तिथे टोचला, चटका देणाऱ्या तारेला हात लावून पाहिला, आणि तार तापतेय म्हणजे हे इंजिनचं काम, माझं नव्हे, असं सांगून जेवायला बसला. मग रानडुक्कर मिस्तरी आला. त्याने बंद इंजिनला कान लावला, बराच वेळ लावला. दिवे मिचमिचतात म्हणजे वायरिंगचं काम, असं सांगून तोही जेवायला बसला. दोघं एकमेकांना लाडू वाढत होते. गाडीपाशी आला की प्रत्येक जण आधी बोल्टला नमस्कार करी आणि चिमूटभर शेंदूर लावी. तेवढ्याच कामावर दोघांचं एकमत होतं.

असं करता करता चालत निघून पोचायची वेळ टळून गेली. उद्या सकाळी लग्न, आणि वाट दोन दिवसांची.

सोनाक्काने चिंच भिजत घातली.

कार्य असलं की देव चिंचेने घासून लख्ख करायचे, ही तिच्या माहेरची रीत. माहेरी जायला मिळत नव्हतं, निदान रीत तरी पाळू, असं तिच्या मनात. घरातले देव घासून झाले. मग तिचं लक्ष गाडीतल्या देवाकडे गेलं. घरात लग्न, आणि हा असा पारोसा? तिने करगोटा सोडवला, तोही घासला. शेंदराचा लाल लगदा नखांनी खरवडला. खाली पितळेसारखा चमकता बोल्ट निघाला. पुसून कोरडा केला आणि करगोटा घट्ट, दोन हातांनी आवळून बांधला. तिला राग आला होता ना.

केसोबाने सवयीने चावी फिरवली.

गाडी गरजली. दिवे उजळले. पिवळा दिवा सांगितल्याशिवाय मिचमिचेना. केसोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. पाहिलंस, माझी भक्ती फळाला आली, असं तो म्हणाला. सोनाक्का पोळं घेऊन केव्हाच आत बसली होती.

बाळांनो, ती गाडी काय पळाली. ससे वाट सोडून कडेला उभे राहिले. सोनाक्काचे कान मागे उडत होते आणि ती चक्क हसत होती. लग्नाच्या दिवशी, सकाळी, डोंगराची खिंड दिसू लागली. शेवटचा एक चढ, पलीकडे उतार, उताराखाली माहेर. सनई ऐकू येत होती.

चढाच्या पायथ्याशी झरा होता. लग्नाला अशा तोंडाने कशी जाऊ, म्हणून सोनाक्का तोंड धुवायला उतरली.

केसोबा एकटाच गाडीत. समोर उघडा देव. ना शेंदूर, ना तेल. एवढं यश दिलं आणि अंगावर काही नाही. त्याला गहिवरून आलं. त्याच्याजवळ पुडी होतीच.

सोनाक्का तोंड पुसत आली तेव्हा तो करगोटा बांधत होता. बोल्टवर बोटभर शेंदूर होता. त्याने मोठ्या ऐटीत चावी फिरवली.

टक्.

डावीकडचा पिवळा दिवा एकदा डोळा मारून विझला.

चढापुरता मागून धक्का मार, असं केसोबाने सांगून पाहिलं. मग, निदान पोळं तरी ठेवून जा, असंही सांगून पाहिलं. तूही चल, असं सोनाक्का म्हणाली तेव्हा मात्र त्याने मान हलवली. देवाला असं रानात एकटं टाकून यायचं म्हणजे काय? सनई द्रुत झाली. सोनाक्काने पोळं डोक्यावर घेतलं आणि चढ चढू लागली.

गोष्ट संपली तेव्हा गाडीत केसोबाच बसलेला होता, म्हणून तात्पर्य त्यालाच सांगू दिलं. ते त्याने सीटवर उभं राहून, बायकोच्या पाठीकडे बघत, मोठ्याने सांगितलं.

तात्पर्य : देवाला कधीही घासू नये. घासला की गाडी चालू होते, आणि चालू झालेली गाडीच वाटेत बंद पडते. घरी बंद असलेली गाडी आजवर कुणाचीही वाटेत बंद पडलेली नाही.

सोनाक्का खिंडीपाशी पोचली होती. तिने मागे वळून बघितलं.

"अहो, परत येताना शेंदूर आणते," ती वरून म्हणाली. "तुम्हालाही फासू. जागचं न हलणं तुम्हाला जमलंच आहे, देव व्हायला आणखी काय लागतं?"