दामिनीच्या फिल्मवरचं उपरं शिखर

"हे सांगितलं तर कुणाच्या बापाला पटणार न्हाई!" असं म्हणून चंद्रप्पांनी पानाला चुना लावला. म्हणजे देवणीच्या त्या ओट्यावर बसलेल्यांनी समजायचं, आता घरी जायची घाई करण्यात अर्थ नाही!

शेजारचे शेषेराव सरसावून बसले. चंद्रप्पांच्या बायको पार्वतम्मा मात्र मान खाली घालून शेंगा सोलत राहिल्या. नांदेडला नवरा-बायको मिळूनच जाऊन आले होते, तेव्हा त्यांना काय नवल!

चंद्रप्पांची पुतणी दामिनी नांदेडला पीएचडी करत होती. नखाएवढ्या काचेवर तिनं सिलिकॉन आणि जर्मेनियमचे आळीपाळीनं थर चढवून फिल्म बनवली होती.

"किती जाड?" शेषेरावांनी विचारलं.

"जाड? अरे, तुझ्या म्हशीच्या दुधावरची साय बी त्यापुढं गादी हाय!"

"मग थर दिसतेत कसे?"

"दिसत न्हाईत. लेझरचा उजेड टाकायचा. बराचसा जसा गेला तसाच परत येतो. पण थोडासा आतल्या अणूंची गाठभेट घेऊन, रंग बदलून येतो. जावई सासरहून आला की तोंडावरून कळतं ना, पाहुणचार कसा झाला? तसंच! त्याला रामन म्हणतेत. मग पडद्यावर शिखरं उठतेत. सिलिकॉनचं एक, जर्मेनियमचं एक. भलतं काही उठलं की पोरीची मेहनत पाण्यात!"

हे दोघं नांदेडला पोचले त्याच दिवशी दामिनीचे गाईड वैजनाथ सर यांच्यासमोर फिल्मची शेवटची तपासणी होती. दामिनी सरांना बोलवायला गेली. मशीन नवंकोरं! आणि चंद्रप्पांच्या घरात सायकलीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत एकही नवी वस्तू भस्माच्या तीन बोटांशिवाय सुरू झालेली नाही. मशीन हे एवढं थोरलं, पण सगळा थाट त्या चिमुकल्या काचेसाठी. म्हणजे देव तिथंच! चंद्रप्पांनी तिथंच बोटं टेकवली. काच एवढीशी, एकाच बोटाचा पट्टा मावला.

सर आले. लेझर सुरू झाला. पहिलं शिखर बरोबर. दुसरं बरोबर. आणि पार तिकडं लांब, जिथं कुणाचंच शेत नाही तिथं, तिसरं! हे उंच!

"हे काय उपटलं?" सर कडाडले. "काय मिसळलंस, दामिनी? असला प्रबंध मी पुढं पाठवणार नाही!"

भिंगं पुसली. तारा हलवल्या. एसी बंद केला. शिखर जागचं हलेना! दामिनीच्या डोळ्यांत पाणी!

"मग हो?" शेषेरावांचा चहा गार झाला.

"मग काय! म्या छाती पुढं करून उभा राह्यलो. म्हणलं, सर, पोरीचा दोष न्हाई. भस्म म्या लावलं! त्यात चुनखडीचाच भाऊबंद असतो, त्याचं शिखर हाय ते. काचेचा दुसरा कोपरा बघा! बघितला. दोनच शिखरं! थर एकदम साफ, प्रबंध मंजूर! सरांनी माझे पाय धरले. म्हणले, चंद्रप्पा, आजपासून माझी खुर्ची तुमची!"

शेंगा सोलणं थांबलं.

"खोटं!" पार्वतम्मा म्हणाल्या. "सगळ्यांनी इचारलं तवा शिवाची आण घेऊन 'म्या हात न्हाई लावला' म्हणलात! पोरीनं तुमच्या कपाळावरचं भस्म चिमटीनं काढून मशीनखाली धरलं. तेच शिखर उठलं, तवा कुठं तोंड उघडलं तुमचं! आन् खुर्ची दिली सरांनी, हाव, दिली की! दाराच्या भाईर!"