बारा साच्यांचा एक मफिन

त्या शुक्रवारी सकाळी बायकोने बारा मफिन केले आणि त्यातले आठ माझ्या डब्यात भरले. घरात माणसं तीन: मी, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. मुलीने नुकतंच गोड सोडलं होतं (म्हणजे आमच्यासमोर खाणं सोडलं होतं), तेव्हा बायको म्हणाली, "ऑफिसात वाटून टाका." डब्याने पिशवी जड होते म्हणून न्यावा की न न्यावा, असा मी क्षणभर विचार केला. आणि नेला. माझ्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे असे क्षणभर विचार करूनच झालेले आहेत.

मी आवक-जावक कारकून आहे. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि ज्याच्या त्याच्या टेबलावर पोचवायचा. एकोणीस वर्षांत लाखभर कागद माझ्या हातांखालून गेले असतील, पण त्यांतला एकही मी लिहिलेला नाही. आमच्या खात्यात याला जबाबदारीचं काम म्हणतात.

त्याच आठवड्यात आमच्याकडे नव्या मॅडम रुजू झाल्या होत्या. करड्या आवाजाच्या, फायलीतलं तिसरं पान आधी वाचणाऱ्या. मधल्या सुट्टीत त्या माझ्या टेबलाशी थांबल्या. मी उभा राहिलो आणि घाबरून डबाच पुढे केला. त्यांनी एक मफिन उचलला, घास घेतला आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच माणसासारखा दिसला.

"वा! कुठल्या बेकरीचे?"

"घरचे आहेत, मॅडम."

"घरी एवढे हलके? कोणी केले?"

मी 'मिसेसनी' असंच म्हणणार होतो. शपथेवर सांगतो. पण माझ्याही तोंडात मफिन होता. "मि..." एवढं बाहेर आलं आणि चुरा घशात गेला. मी जो खोकत सुटलो तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"तुम्ही?" मॅडम म्हणाल्या. "तुम्ही स्वतः? कमाल आहे हो तुमची!"

चूक दुरुस्त करायला मला फार तर चार सेकंद लागली असती. ती चार सेकंदं मी पाणी पिण्यात घालवली. पाणी पिऊन बघतो तर सगळं खातं माझ्याभोवती जमलेलं. एकोणीस वर्षांत माझ्याभोवती लोक जमण्याची ही दुसरी वेळ. (पहिल्या वेळी पंखा पडला होता.)

"लाजायचं काय त्यात?" मॅडम सगळ्यांना म्हणाल्या. "आमच्या घरी बघा! आमचे हे प्राध्यापक आहेत, पण गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा हे अजून विचारतात."

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी खरं बोलून एका स्त्रीचा आदर्श पुरुषावरचा विश्वास मोडायचा का? मी मोडला नाही. मान खाली घालून नुसतं हसलो. विनयाने हसल्यासारखं दिसतं, आणि खोटंही बोलावं लागत नाही, असा माझा तेव्हा समज होता.

दोन आठवडे मी राजासारखा वावरलो. बायको काही ना काही करायचीच. चॉकलेटच्या कुकीज झाल्या, केळ्याचे मफिन झाले, लिंबाचा केक झाला. मी डबा उघडायचो आणि लोक मला प्रश्न विचारायचे. आमच्या टायपिस्टबाईंनी तर माझ्यासमोर नवऱ्याला फोन लावला आणि "हे बघा, माणसं कशी असतात ते!" असं त्याला ऐकवलं. तो बिचारा मला कधी भेटलेला नाही. भेटू नये अशीच इच्छा आहे.

"कुकीज अशा खुसखुशीत कशा होतात हो?" त्यांनी मला विचारलं.

"मनापासून केल्या की होतात," मी म्हणालो. हे उत्तर मला इतकं आवडलं, की पुढे ते मी सगळ्याच प्रश्नांना दिलं.

मग एका गुरुवारी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"रविवारी काय करताय?"

"काही नाही, मॅडम." (एकोणीस वर्षांची सवय. वरिष्ठांनी विचारलं की आपण कधीच काही करत नसतो.)

"मग आम्ही दोघं येतो. आमच्या यांना तुमच्या हाताखाली दोन तास उभं करा आणि मफिन शिकवा. पुरुषाने शिकवलं तर त्यांना पटेल."

"हो मॅडम," मी म्हणालो. बाहेर आलो आणि त्या दिवशीच्या सगळ्या आवक कागदांवर जावकचा शिक्का मारला.

घरी हे कसं सांगावं, याचा विचार करत मी दार उघडलं. सांगायची गरजच पडली नाही. बायको फोन खाली ठेवत होती.

"तुमच्या टायपिस्टबाई होत्या," ती म्हणाली. "साहेबांच्या कुकीजची कृती हवी होती त्यांना."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, मला बाई त्यातलं काही कळत नाही. मनापासून करतात एवढं माहीत आहे."

मी सोफ्यावर बसलो. मफिनपासून रविवारपर्यंत सगळं सांगितलं. ठसक्याचा भाग जरा वाढवूनच सांगितला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. तिचा आवाज चढला की पाऊण तासात उतरतो, हे मला ठाऊक आहे. पण ती शांत झाली की किती दिवसांचा मुक्काम, ते सांगता येत नाही.

"येऊ देत की," ती म्हणाली. "मी बाहेर बसेन मॅडमशी गप्पा मारत. कितीतरी वर्षांत आयतं खाल्लं नाही."

"अगं, पण मला येत नाही!"

"दोन आठवडे तर येत होतं."

शेवटी मुलीला दया आली आणि तिने आईची वही मला आणून दिली. वहीत कृती होती, नाही असं नाही. ती अशी: 'मैदा – निळा कप. साखर – त्याहून बोटभर कमी. बटर – बघून. अंडी – दोन, लहान असली तर बघून. बेकिंग पावडर – चमचा. ओव्हन – तापला की.' निळा कप सहा वर्षांपूर्वी फुटला होता. फोडला मीच होता.

"बघून म्हणजे किती?" मी विचारलं.

"बघितलं की कळतं," बायको म्हणाली आणि पेपरात डोकं घातलं.

रविवारी बरोबर चार वाजता बेल वाजली. मॅडम आणि त्यांच्या मागे प्राध्यापक. उंच, चष्मा, हातात वही, खिशाला दोन पेनं. चेहरा दात काढायला आणलेल्या माणसाचा.

"आम्ही दोघी बाहेर बसतो," बायको मॅडमना म्हणाली. "यांना स्वयंपाकघरात कोणी लुडबुडलेलं आवडत नाही."

"भाग्यवान आहात!" मॅडम म्हणाल्या.

"हो ना. रोज तेच म्हणते मी."

मी प्राध्यापकांना आत नेलं आणि दार लोटलं. अॅप्रन बांधला. तो उलटा बांधलाय हे त्यांनी पाहिलं, पण शिकाऊ माणसाने बोलू नये म्हणून गप्प राहिले.

"सर, विषय कोणता आपला?" मी सहज विचारलं.

"रसायनशास्त्र."

माझ्या हातातली अंडी तेव्हाच पडायला हवी होती. ती पडली नाहीत, इतकंच.

"हा बेकिंग सोडा की बेकिंग पावडर?" त्यांनी वही उघडली.

"दोन्ही एकच. कंपनीचा फरक."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "नाही, म्हणजे सोड्याला आम्ल लागतं. यात दही नाही, लिंबू नाही. मग सोड्याचं आणि बाकीच्यांचं कसं जमतं?"

"आपसांत मिटवतात," मी म्हणालो.

तेही त्यांनी लिहून घेतलं.

निळ्या कपाच्या जागी मी मोठा कॉफीचा मग घेतला. साखर बोटभर कमी घातली. कुठलं बोट हे वहीत नव्हतं, म्हणून करंगळी धरली. बटर बघून घातलं. खूप वेळ बघितलं, पण काही कळलं नाही, तेव्हा सगळंच घातलं. मग बेकिंग पावडरची पाळी आली.

"चमचा कोणता?" प्राध्यापक म्हणाले.

"चमचा म्हणजे चमचा, सर." मी सगळ्यात हाताशी असलेला उचलला. तो वाढायचा होता. मग मैद्याचा ढीग पाहून वाटलं, एकाने काय होणार? आणखी एक घातला.

पुढे बारा साच्यांचा ट्रे घेतला आणि पीठ ओतलं. काठोकाठ.

"थोडी जागा ठेवायची नसते का? हे फुगणार ना?"

"पाहुण्यांना देताना हात आखडू नये, सर." हे वाक्य मी जरा मोठ्याने म्हटलं, बाहेर ऐकू जावं म्हणून. बाहेरून मॅडमचं "बघा, किती मोठं मन!" असं ऐकूही आलं.

ट्रे ओव्हनमध्ये गेला. पहिली सात मिनिटं फार सुखाची गेली. प्राध्यापकांनी विचारलं, "किती वेळ?" मी म्हणालो, "वास सांगतो." आठव्या मिनिटाला ते ओव्हनच्या काचेशी वाकले.

"हे... हे एकमेकांना भेटतायत."

मी वाकून पाहिलं. बारा मफिन बारा राहिले नव्हते. काठ ओलांडून, एकमेकांत मिसळून त्यांची एकच गादी झाली होती. ती गादी श्वास घेतल्यासारखी वर वर चढत होती. बाजूने ओघळ सुटून ओव्हनच्या तळाशी टपटप पडत होते.

"वायू फार तयार झाला," प्राध्यापक हळूच म्हणाले. तेवढ्यात गादी वरच्या तापलेल्या कांबीला टेकली आणि धूर सुटला.

पुढचं भराभर झालं. मी ओव्हनचं दार उघडलं, तसा दबलेला सगळा धूर माझ्या तोंडावर आला. मी मागे सरलो तो प्राध्यापकांच्या पायावर. मुलगी धावत येऊन खिडक्या उघडू लागली. मॅडम पदराने नाक दाबून दारात उभ्या राहिल्या. आणि त्यांच्यामागे बायको.

मी तिच्याकडे पाहिलं. आता बोलेल, म्हटलं. तिला बोलायचा हक्कच होता. दोन आठवडे मी तिच्या कष्टाचं कौतुक परस्पर खात होतो. तिने ओव्हनमध्ये डोकावून पाहिलं, गॅलरीत जाऊन पाण्याचं भांडं आणलं, ट्रे सांडशीने बाहेर ओढून त्यावर पाणी शिंपडलं आणि मॅडमना म्हणाली,

"एरवी असं होत नाही हो यांच्याकडून. आज तुम्ही आलात ना, म्हणून बावरले."

धुराने डोळे झोंबत होतेच, त्यात हे. तिने मला सोडवलं होतं, आणि मला सुटल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं.

"मॅडम," मी म्हणालो, "मफिन हिने केले होते. कुकीजसुद्धा. लिंबाचा केकही. मी नुसता डबा आणत होतो."

मॅडमनी नाकावरचा पदर खाली घेतला.

"सगळं?" मॅडम म्हणाल्या.

"सगळं."

"मग तुम्हाला काय येतं?"

मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "डबा धुता येतो," मी म्हणालो.

आता मॅडमचा तो करडा आवाज लागणार, म्हणून मी डोळे मिटले. पण त्याआधी प्राध्यापक हसायला लागले. साधंसुधं नाही, ओट्याला धरून, चष्मा काढून, खांदे गदगदा हलवत. "मी सांगत होतो ना तुला!" ते मॅडमना म्हणाले. "दोन आठवडे जेवू दिलं नाहीस मला सुखाने! असा नवरा नसतो गं कुठेच!" आणि त्यांनी माझा हात धरून असा हलवला, की जणू मी त्यांना जामीनच राहिलो होतो.

मॅडम काही हसल्या नाहीत. त्या माझ्या बायकोकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही मला फसवलंत, हे मी विसरणार नाही. आता खरे मफिन खाल्ल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

बायकोने अॅप्रन माझ्या गळ्यातून काढला आणि सुलटा करून बांधला. मैदा, साखर, बटर. सगळं हाताच्या अंदाजाने. प्राध्यापकांना राहवेना. त्यांनी आमचा वजनकाटा शोधून काढला आणि तिची प्रत्येक मूठ मोजायला सुरुवात केली. तीन वेळा मैदा काढायला लावला. तिन्ही वेळा वजन तेवढंच. ते वहीत पानंच्या पानं लिहीत सुटले. वीस मिनिटांनी मफिन बाहेर आले, बाराचे बारा, आपापल्या जागी. मॅडमनी तीन खाल्ले. जाताना मला फक्त एवढंच म्हणाल्या, "उद्या वेळेवर या."

रात्री मी ओव्हनचा तळ खरवडला. पुरे दीड तास. मग बायकोजवळ जाऊन म्हणालो, "चुकलो."

"ते कळलं."

"उद्या ऑफिसात सगळ्यांना सांगतो."

"मॅडम सांगतीलच. तुम्ही त्यांच्या आधी सांगा," ती म्हणाली, आणि मग पहिल्यांदाच हसली.

सांगितलं. टायपिस्टबाई चार दिवस बोलल्या नाहीत, पण त्यांच्या यजमानांनी, ओळख नसताना, मला फोन करून आभार मानले.

पुढच्या रविवारी बायकोने कुकीज करायला घेतल्या. मी दारात घुटमळत होतो. ती म्हणाली, "शिकायचंय खरंच? मग एक काम करा. ट्रे आत ठेवलाय. काचेतून लक्ष ठेवा आणि कडा तांबूस व्हायला लागल्या की मला हाक मारा. बाकी कशाला हात लावू नका."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिने स्वयंपाकघरातलं एखादं काम माझ्यावर सोपवलं होतं. मी स्टूल ओढलं आणि ओव्हनसमोर बसलो. आत दिवा लागलेला होता, कुकीज ओळीने दिसत होत्या. मी पापणी लवू दिली नाही. पाच मिनिटांनी बाहेर कळवलं, "सुरुवात झालीय!" दहा मिनिटांनी कळवलं, "डावीकडच्या जरा पुढे आहेत!" पंधराव्या मिनिटाला रंग इतका सुरेख चढलेला दिसला, की मला भरून आलं. "अगं, ये लवकर!" मी ओरडलो, "अगदी सोनेरी झाल्यात!"

बायकोच्या आधी मुलगी आली. तिने काचेतून पाहिलं, मग काचेवर हात ठेवला, आणि तो तसाच ठेवून माझ्याकडे पाहत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "आत नुसता दिवा लागलाय. ओव्हन सुरूच केलेला नाही."