त्रेसष्ट दिवे आणि मी एकटी

"देवाला आपला पत्ता कशाला लागतो?"

हा प्रश्न देवळाच्या त्साईकाकांना विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली. मी विचारलासुद्धा!

"अगं, आपल्या लुगांग गावात एका नावाच्या दहा जणी सापडतील," काका म्हणाले. "देवानं कुणाच्या दारात जायचं?"

पटलं! मी लगेच छाती फुगवून जाहीर केलं, "मग यंदा वर्षाच्या दिव्यांची नोंदणी संगणकावर! नाव, जन्मतारीख, पत्ता भरा, की यादी तयार!"

देवानं वर्षभर राखावं म्हणून आमच्या देवळात प्रत्येकाच्या नावाचा दिवा लागतो, आणि पुजारी ती नावं-पत्ते देवाला वाचून दाखवतात. त्रेसष्ट अर्ज आले. पहिला घाटगल्लीतल्या क्वोआजींचा. सोमवारी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. यादी छापली आणि न बघताच थेट पुजाऱ्यांच्या हातात!

घंटा वाजली. "शू युन-छी, मीठगल्ली, घर नंबर सात..."

मीच की! बरं.

"शू युन-छी, मीठगल्ली, घर नंबर सात..."

पुन्हा? पाचव्या खेपेला सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. नवव्या खेपेला आई रडायलाच लागली.

"एवढे दिवे? काय लपवतेयस गं? डॉक्टर काय म्हणाले?"

"मागच्या जन्मी कुणाला मारलंस?" माझी मैत्रीण फेई-लिंग कुजबुजली.

क्वोआजींनी स्वतःचा ताईत माझ्या मुठीत कोंबला. "घे पोरी. माझे डोळे काय, झाले जुने. तू जग!"

आजी सोमवारी दिव्याशिवाय ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार? माझ्यामुळे? आणि पुजारी मध्ये थांबत नाहीत, विधी मोडतो. मी झटकन लॅपटॉप उघडला. तिकडे माझा एकतिसावा पुकारा!

सापडलं! पान देखणं व्हावं म्हणून मी अर्जातल्या रकान्यांची नावं बदलली होती. आत प्रोग्राममधल्या खणांची मात्र जुनीच. नावं जुळेनात, म्हणून लोकांची माहिती दाराबाहेरच उभी! आणि खणांत चाचणीसाठी भरलेली मी, पाहुणीसारखी ठाण मांडून! मेल्या प्रोग्रामनं चकार शब्द काढला नाही.

मूळ अर्ज शाबूत होते, नशीब! नावं जुळवली, नवी यादी छापली. त्रेसष्टावा पुकारा संपवून पुजाऱ्यांनी घोटभर चहा घेतला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"क्वो जिन-झी, घाटगल्ली..."

आजींनी उदबत्ती उंच धरली. मी भिंतीला टेकून खाली बसले. सुटले!

तेवढ्यात त्साईकाका कानाशी वाकले. "वाचलेलं परत घेता येत नाही हं. यंदा देव तुझ्या घरी त्रेसष्ट चकरा मारणार. नीट लक्ष ठेवेल!"

रात्री जेवणाच्या टेबलावर मी वाटी बाजूला सारली.

"आई, बाबा, मी एक ठरवलंय," मी उठून उभी राहिले. "गणितात एकोणतीस पडलेत. पेपर गादीखाली आहे. देवानं येऊन सांगण्याआधी मीच दाखवते!"