माझे बावीस गुण आणि सासऱ्यांचं शून्य

सासऱ्यांना सोबत न्यायचं ठरवलं, एवढीच माझी चूक. (बायको म्हणते, चूक ती नव्हेच, चूक नियम न वाचण्याची.)

आमच्या कोलोरॅडोत चांगल्या जागी एल्कची, म्हणजे सांबरासारख्या थोराड हरणाची, शिकार करायची तर परवाना सोडतीत निघावा लागतो. नाही निघाला की सांत्वन म्हणून एक गुण मिळतो. ज्याचे गुण जास्त, त्याचा नंबर आधी. मला हवं होतं वायव्येचं एकच पठार. तिथे सप्टेंबरात नर एल्क शीळ घालतात. बावीस वर्षं मी नुसते गुण जमवत होतो. लग्नाला एकोणीसच झाली. म्हणजे बायकोच्या, नेडीनच्या, आधीपासून मी त्या एल्कसाठी झुरतोय. (हे एकदा तिच्यासमोर बोललो. पुन्हा नाही बोललो.)

यंदा नंबर नक्की होता. मार्चमध्ये जेवताना नेडीन म्हणाली, "ओरिन, बाबांनाही घेऊन जा ना. अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे त्यांना."

"मला कशाला?" सासरे, म्हणजे बर्ल, बटाट्याकडे बघत म्हणाले. "जावईबापूंच्या गळ्यात लोढणं!" पण त्यांचा काटा हवेतच थांबला होता.

मी दोघांचा मिळून एकच अर्ज भरला.

मेअखेर निकाल आला. नाही. मी सोडतीच्या कचेरीत फोन लावला.

"एकत्र अर्जात कमी गुणवाल्याचे गुण धरतात," बाई म्हणाल्या. "तुमच्या जोडीदाराने आजवर अर्जच केलेला नाही. त्यांचे शून्य."

"आणि माझे बावीस?"

"तेवीस झाले. अभिनंदन!"

नेडीनने शांतपणे अर्ज उलटा केला. "मागे लिहिलंय की रे."

(मी जिल्हा कचेरीत गाड्या नोंदवायच्या खिडकीवर बसतो. 'मागची बाजू वाचा' हे मी दिवसाला चाळीस जणांना सांगतो.)

बर्लना सांगायला गेलो, तर ते गुडघ्यांना पट्टे बांधून टपालपेटीपर्यंत फेऱ्या मारत होते. पठार चढायची तयारी! मी सगळं सांगितलं.

"माझ्यापायी गेलं होय रे?"

"नाही हो. पुढच्या वर्षी जाऊ."

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले, आणि पट्टे सोडायला लागले. एक सुटला, दुसऱ्याशी हात थांबला. "नुसतं बघायला परवाना लागतो का?"

"नाही."

"मग कशाला तोंड पाडून उभा आहेस?"

सप्टेंबरात आम्ही गेलो, बंदुकीशिवाय. वर पोचायला बर्लना तीन तास लागले. (मला तीन तास दहा मिनिटं.) पिवळ्या पडलेल्या झाडांना टेकून बसलो. मी थर्मासमधली कॉफी ओतली, आणि खालून शीळ आली. बारीक, वर वर चढत जाणारी, काळीज खरवडणारी. बर्लनी माझी बाही घट्ट धरली. झाडी हलली आणि तो बाहेर आला. चाळीस पावलांवर. शिंगं एवढी, की मान वळवताना फांद्या मोडत होत्या. आमच्याकडे त्याने बराच वेळ बघितलं. मग सावकाश निघून गेला.

बर्लचे डोळे ओले होते. माझेही.

शेवटी त्यांनी आपल्या मांडीकडे बघितलं. माझ्या थरथरत्या हातातली सगळी कॉफी तिथे सांडली होती.

"जावईबापू," ते म्हणाले, "परवाना मिळाला नाही तेच बरं झालं. हातात बंदूक असती तर आज मी गेलो असतो."